ग्रॅमकाकांचा हात

ग्रॅमकाकांच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते ती आधी दोनदा तळहातावर झेलत आणि मग वजन सांगत. नारळ असो, पाना असो, कुणाचा नवा मोबाइल असो, नाहीतर लग्नाची पत्रिका. बोईसरच्या बाजारात भाजीवालीनं तराजू उचलायच्या आत यांचा आकडा तयार असायचा. पाच-दहा ग्रॅमचा फरक पडला तर ते तराजूकडे संशयानं बघत. एकदा मी मुद्दाम फजिती करायची म्हणून त्यांच्या हातात माझा जेवणाचा डबा ठेवला. काका म्हणाले, "सातशे वीस. आनी भात जास्त घेतलास, भाजी कमी. बायको रुसली काय?" डबा काट्यावर ठेवला तर सातशे पस्तीस भरला. बायको खरोखरच रुसली होती, पण ते मी कबूल केलं नाही.

काका गेले त्याला आता वर्ष होईल. बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात कुठल्याही गॅरेजात त्यांचं नाव काढलं, तर दहांतले चार जण आजही म्हणतात, "ते नव्हे का, ज्यांचं फ्लायव्हील फुटलं?" पस्तीस वर्षं लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, उभं राहून कमावलेलं नाव एका वाक्यात संपतं. ते फ्लायव्हील का फुटलं हे मला पक्कं ठाऊक आहे. ते सांगायचं म्हणूनच हे लिहायला बसलोय. पण नुसतं तेवढंच सांगितलं तर काका पुन्हा त्या एका वाक्यातच अडकतील, म्हणून आधी माणूस सांगतो.

काका मूळचे मुरब्याचे. वडिलांची मासेमारीची होडी, चुलत्यांच्या होड्या, आणि यांना पाणी लागायचं. किनारा नजरेआड झाला की पोटातलं सगळं बाहेर. कोळ्याच्या घरात हे म्हणजे फारच झालं. वडिलांनी चार-पाच वेळा नेऊन पाहिलं आणि मग कंटाळून सांगितलं, की तू आपला किनाऱ्यावर बसून इंजिन बघ. तिथून ते इंजिनात शिरले, तिथून बोईसरला एका कारखान्यात टर्नर म्हणून लागले, आणि तो कारखाना बंद पडल्यावर तिथलीच एक जुनी लेथ घेऊन एका टायरवाल्याच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये इंजिनाचे भाग हलके करायचं स्वतःचं काम सुरू केलं. अंगानं चांगले गुटगुटीत होते. दुसऱ्यांच्या इंजिनाचं वजन उतरवणारा माणूस स्वतः नव्वदच्या घरात, यावरून त्यांना सगळे चिडवत. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "फिरनाऱ्या वजनाची गोस्ट येगली. माजा वजन कुठं फिरतो? मी तर बसलेला असतो."

मी सांगलीकडचा. तारापूरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात इंजिनिअर म्हणून आलो, आणि काकांनी पहिल्याच दिवशी माझं नाव 'सांगली' ठेवून टाकलं. माझ्याकडे एक जुनी पेट्रोल गाडी होती, आणि मनोरच्या पुढे एका खासगी मैदानावर आम्ही काही हौशी मंडळी रविवारी घड्याळ लावून गाड्या पळवायचो. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की मागची सीट काढली, स्टेपनी काढली, कार्पेट काढलं, आता अजून वजन कमी करायचंय. काका हसले. "सीट काढलीस ती बसलेली व्हती. जा, परत लाव. बायकोला कुठं बसवशील?" मग त्यांनी माझ्या गाडीचं फ्लायव्हील उतरवायला सांगितलं. इंजिनाच्या शेवटाला बसणारं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, ते जाडजूड चाक. पाय दाबला की इंजिनाला आधी हे चाक फिरवावं लागतं आणि मगच गाडीला ताकद मिळते. त्यातलं कडेचं वजन सगळ्यात महाग, हे काकांनी मला शेजारच्या घरातून जातं मागून आणून समजावलं होतं. वरच्या दगडाच्या कडेला चिखलाचा गोळा चिकटवला आणि म्हणाले, फिरव. मग तोच गोळा मधल्या भोकाजवळ आणून लावला आणि म्हणाले, आता फिरव. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत जे सूत्र मी पाठ केलं होतं ते माझ्या दंडाला त्या दिवशी कळलं. ते जातं साफ करून द्यायला मात्र मलाच बसवलं.

त्यांचं काम बघणं हा माझा सुट्टीचा कार्यक्रम झाला. इंजिनातले चार कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनचे दांडे, आले की ते चारांचंही वजन करत, सगळ्यात हलका कोणता ते बघत आणि बाकीच्या तिघांना घासून घासून त्याच्या बरोबरीला आणत. "चौघं भाव सारखे जेवले तर घरात भांडन नाय," असं म्हणत. फ्लायव्हील उतरवलं की ते दोन सपाट पट्ट्यांवर एका दांड्यात घालून मोकळं सोडून देत. जड बाजू हळूहळू फिरत खाली येऊन थांबायची. तिथं खडूची खूण, मग एक बारीक भोक, मग पुन्हा सोडायचं. असं करत करत चाक कुठंही सोडलं तरी तिथंच राहायला लागलं की काम झालं. याला कधी कधी अख्खी दुपार जायची. त्यांना घाई करा म्हटलेलं खपत नसे. गिऱ्हाईकाला तिथंच स्टुलावर बसवून चहा पाजत आणि चाक थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा नियम होता.

काम झालं की त्या भागावर ते पंचानं, म्हणजे ठसा उमटवायच्या खिळ्यानं, वजन ठोकत आणि शेजारी एक इवलासा मासा. तो पंच त्यांनी स्वतः घासून बनवला होता. मासा ठोकला म्हणजे या कामाची जबाबदारी माझी, असा त्याचा अर्थ. पालघरपासून वाणगावपर्यंत मेकॅनिक इंजिन खोलत आणि आत मासा दिसला की तो भाग न तपासता परत बसवत. एवढा भरवसा मी तरी दुसऱ्या कुणाच्या कामावर ठेवलेला बघितला नाही.

आणि नकार द्यायला ते कुणाला भीत नसत. आमच्या किनाऱ्यावरच्या नवापूरचा एक होडीवाला एकदा फ्लायव्हील घेऊन आला. त्याच्या मुलानं मोबाइलवर काहीतरी बघितलं होतं आणि होडीचं इंजिनही झटक्यात चढायला पाहिजे म्हणून चाक हलकं करून हवं होतं. काकांनी हात लावला नाही. "जाला खेचताना इंजिन हलू चालतो. तवा हा जड चाकच त्याला जित्ता ठेवतो. हलका केलास तर खाडीच्या तोंडावर बंद पडंल, आनी तवा मासा बघशील ठोकलेला काय?" होडीवाला रागावून गेला. काका दिवसभर खूश होते.

माझ्या फ्लायव्हीलमधून त्यांनी एक किलो नऊशे ग्रॅम काढले. आठ किलो दोनशेचं ते सहा किलो तीनशेवर आलं. मासा ठोकला, मी बसवून घेतलं, आणि गाडी काय पळायला लागली. पाय ठेवायचा अवकाश, इंजिन हाकेला ओ देत होतं. त्या रविवारी मी तिसरा आलो. आयुष्यात कधी कशात तिसरा आलो नव्हतो, तेव्हा समाधान मानायला हरकत नव्हती. पण पहिल्या आलेल्या माणसात आणि माझ्यात दीड सेकंदाचं अंतर होतं आणि ते दीड सेकंद मला आठवडाभर झोपू देईनात. मी चाक पुन्हा उतरवून काकांकडे नेलं, म्हटलं, अजून अर्धा किलो काढू या. काकांनी चाकाच्या मागच्या अंगाला, आतल्या कडेवर बोट फिरवलं. "नाय. इथं आता काटा लागला. म्होरं मास नाय. हा बीड हाय सांगली, वाकनार नाय, सांगून फुटनार नाय." मी हुज्जत घातली. इंटरनेटवरचे आकडे दाखवले. ते म्हणाले, "ती चाकं पोलादाची. तुजा बिडाचा." आणि विषय संपवला.

मी इंजिनिअर होतो. लेथवाल्यापेक्षा मला जास्त कळतं, असं मी तोंडानं कधी म्हटलं नाही, पण मनात होतंच. कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी देखभालीचं निमित्त काढून मी आत गेलो आणि आमच्या वर्कशॉपच्या लेथवर ते चाक चढवलं. मागच्या अंगानं, काकांनी जिथं बोट फिरवलं होतं बरोबर तिथूनच, मी सहाशे चाळीस ग्रॅम काढले. दुसरीकडे काढायला काही उरलंच नव्हतं. समोरच्या बाजूला मासा तसाच होता, त्याला मी धक्का लावला नाही.

पुढच्या रविवारी तिसऱ्या फेरीत ते फुटलं. आवाज झाल्याचं मला आठवत नाही. पायाखालचा पत्रा वर आलेला दिसला आणि डावा पाय माझा वाटेना. एक तुकडा गाडीच्या तळातून वर घुसला होता. दोन बोटं गेली आणि पावलाची हाडं मोडली. थोडा इकडेतिकडे लागला असता तर गुडघाच गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

काका दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात आले. काकींनी पापलेटचं कालवण दिलं होतं, त्याचा डबा हातात. माझ्या पायाकडे बघून त्यांना रडू आवरेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हातातला डबा झेलून बघितला नाही. मग डोळे पुसून त्यांनी एकच विचारलं. "तुकडे कुठं हायत? माला वजन करून बघाचा हाय. माजी काय चूक झाली ती तरी समजंल." तुकडे माझी गाडी बघणाऱ्या पांडेजींच्या गॅरेजात एका गोणीत होते, गाडी तिथंच ओढून नेली होती. मी म्हटलं, मैदानावरच पडून राहिले, नंतर सापडले नाहीत. काका गेल्यावर पांडेजींना फोन केला आणि गोणी भंगारात द्यायला सांगितली.

का, ते सांगतो. कारखान्याच्या लेथवर चोरून खासगी काम केलं हे कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. हे कारण मी स्वतःला बरेच दिवस दिलं आणि ते खोटंही नव्हतं. पण मला जास्त लाज याची होती, की ज्या माणसानं बोट ठेवून इथं काढू नको म्हटलं, त्याचं बोट उचलल्याबरोबर मी तिथंच काढलं होतं. लाजेपुढे त्यांच्या नावाचं काय होईल हे मला सुचलं नाही. मैदानावर कुणीतरी एका तुकड्याचा फोटो काढला होता, त्यात मासा स्पष्ट दिसत होता. तो संध्याकाळपर्यंत सगळ्या गॅरेजवाल्यांच्या ग्रुपवर फिरला. मला बघायला येणारा प्रत्येक जण विचारायचा. पांडेजींनीही विचारलं, "किसका काम था? वो मछलीवाले काका का?" मी म्हणालो, हां. तेवढा एकच शब्द.

मेकॅनिक मंडळींनी भांडण केलं नाही की कुणी जाब विचारायला गेलं नाही. नुसतं काम यायचं थांबलं. आधी फ्लायव्हील थांबली, मग रॉड, मग बुशसारखं किरकोळ कामसुद्धा. ज्यांच्या इंजिनात आधीपासून मासा होता त्यांतल्या दोघांनी ते खोलून चाक बदलून घेतलं. काकांना हे सगळं कळत होतं. त्याचं त्यांना वाईट वाटलंच, पण त्यांचा जीव दुसरीकडे अडकला होता. चूक कुठं झाली ते त्यांना सापडत नव्हतं. त्यांनी काटा वजनमापवाल्यांकडून तपासून घेतला, तो बरोबर निघाला. लेथचा चक, म्हणजे काम पकडायचा जबडा, खोलून पुन्हा बसवला. डोळे दाखवले. डॉक्टरांनी थोडा मोतीबिंदू सांगितला तर बिचारे आनंदले, काहीतरी सापडलं म्हणून. पण डॉक्टर म्हणाले, इतक्यानं काही अडत नाही.

मी काठी टेकत पुन्हा कामावर जायला लागलो आणि रविवारी त्यांच्या शेडमध्येही. न जाणं मला शक्य नव्हतं आणि जाऊन करायचं काय तेही कळत नव्हतं. बसायचो, चहा प्यायचो, गप्पा मारायचो. एक दिवस त्यांनी त्यांचा डायल गेज, केसाएवढा फरक मोजायचं ते घड्याळासारखं उपकरण, माझ्या हातात दिला. "सांगली, तुज्या कारखान्यात मोठी यंत्रं हायत. हा एकदा बघून दे. हाच खोटा बोलत आसंल." मी तो नेला. आमच्या तपासणी विभागात लावला. जुना होता, पण एका रेघेचाही फरक नव्हता. आठवड्यानं परत नेऊन दिला आणि सांगितलं, काका, एकदम बरोबर आहे. माणसाचा चेहरा असा उतरलेला मी आधी बघितला नव्हता. त्यांनी गेज फडक्यात गुंडाळला आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. काटा बरोबर, लेथ बरोबर, गेज बरोबर, मग राहिलं कोण? त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, बिडाचा भरवसा नसतो काका, आत एखादी जुनी चीर असेल. ते म्हणाले, "मासा ठोकनाऱ्याला चीर दिसाया पायजे."

त्यानंतर त्यांनी वस्तू झेलणं सोडलं. बाजारात भाजीवाली मुद्दाम त्यांच्या हातात दुधी ठेवायची आणि विचारायची, तर हे हसून तो परत द्यायचे. होड्यांचे शाफ्ट तेवढे करत, तेही तीन-तीनदा मोजून. अशी दोन वर्षं गेली. दोन वर्षं म्हणजे किती रविवार, ते मी मोजलेलं नाही.

मग एका रविवारी गेलो तर शेडला कुलूप. टायरवाल्यानं सांगितलं, काका मुरब्याला गेले, आता तिकडेच राहणार. मी तसाच मोटारसायकलनं मुरब्याला गेलो. घरापुढे बांबूंवर बोंबील वाळत होते आणि काका ओट्यावर बसून जाळ्याचा पीळ सोडवत होते, ते काम त्यांना मुळीच येत नव्हतं. मी विचारलं, लेथ? "दिली. परवा वसईचा एक मानूस घेऊन गेला." इतक्या सहज म्हणाले, की मला आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "हाताचा भरवसा गेला, सांगली. आज तुजा पाय गेला, उद्या कुनाचा जीव जायाचा. त्यापरास बंद केलेला बरा."

तेव्हा मी सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं. कारखान्याची लेथ, सुट्टीचा दिवस, गोणी, भंगार, डायल गेज, सगळं. काकी दारात येऊन उभ्या होत्या, हे मला मागाहून दिसलं. काकांनी मध्येच थांबवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "किती काढलास?"

"सहाशे चाळीस."

"मागच्या अंगानं? आतल्या कडंला?"

"हो."

"तिथं मंग जाडी चार मिली तरी राहिली काय?"

"साडेतीन."

त्यांनी मान हलवली. थोडा वेळ ओठ हलत होते, बहुतेक मनात हिशेब मांडत असावेत. मग त्यांनी दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले आणि हळूच म्हणाले, "म्हंजे माजा हात बरोबर व्हता."

काकी मात्र गप्प राहिल्या नाहीत. "मेल्या, यक आठवडा आदी तोंड उघडला आसतास तर लेथ तरी राहिली आसती. रातरातभर झोपत नव्हता हा मानूस." त्या बरंच बोलल्या आणि त्यातलं काहीही खोटं नव्हतं. काकांनी त्यांना हातानं थांबवलं आणि चहा टाकायला सांगितलं. काकी आत गेल्या. भांडी जरा जोरातच वाजत होती.

मी पुढे सगळ्या गॅरेजांत जाऊन खरं काय ते सांगितलं. कारखान्यातही सांगितलं. नोकरी गेली नाही, लेखी समज मिळाली आणि बढती अडली. म्हणजे ज्या भीतीपोटी दोन वर्षं गप्प बसलो ती एवढीशीच होती. बदनामी मात्र ज्या वेगानं पसरली होती त्या वेगानं मागे येईना. फोटो सगळ्यांनी बघितला होता, माझं बोलणं थोड्यांनी ऐकलं. काका पुढं सव्वा वर्ष जगले. आजूबाजूचे लोक पुन्हा त्यांच्या हातात वस्तू ठेवू लागले आणि ते झेलून वजन सांगू लागले, पण लेथ पुन्हा उभी करायचं वय आणि अंगात बळ राहिलं नव्हतं. मी दर रविवारी जात होतो. ते मला बस म्हणत, पायाची चौकशी करत, कारखान्यात नवं कोणतं यंत्र आलं ते विचारत. माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत आणि मीही ते मागितलं नाही.

मी सगळं कबूल केलं त्या दिवशी काकींनी चहा आणून ठेवला, तेव्हा काकांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादं माप जुळत नसलं की ते जसे बघत तसंच. म्हणाले, "यक विचारू? दोन वर्सं तू माज्या समोर बसून चा पित व्हतास. तो गल्याखाली कसा उतरत व्हता?"

त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "बरा, पी. गार व्हतोय." त्यांनी ते पुन्हा कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित एखाद्या रविवारी मला सांगता आलं असतं, की काका, प्रत्येक वेळी सहज उतरत होता, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.